फिंगरडीला शेल कशाला लागतं?

२ नोव्हेंबर १९८८, बुधवार. पुढच्या सगळ्या वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या आहेत. युटा विद्यापीठाच्या डॉन सीली यांनी त्या रात्रीचा जो वृत्तान्त लिहून ठेवला त्यात हेच घड्याळ आहे, आणि मुख्यतः त्यालाच धरून मी चाललो आहे. बॉस्टनची वेळ हवी असेल त्याने तीन तास मिळवावेत, युटाची हवी असेल त्याने एक. शून्य मी रात्री १०:०६ वर ठेवलं आहे. त्या मिनिटाला युटाच्या संगणकशास्त्र विभागाचं मुख्य यंत्र, सीएस.युटा.एडू, बसलं. त्या रात्री अशी यंत्रं देशभर बसली, पण मिनिटामिनिटाची नोंद इतकी नेटकी क्वचितच कुठे राहिली. युटा निवडायला आणखीही एक कारण आहे. ते शेवटाकडे येईल.

ही घटना 'मॉरिस वर्म' या नावाने ओळखली जाते. कॉर्नेल विद्यापीठातला रॉबर्ट टॅपन मॉरिस हा विद्यार्थी, त्याने लिहिलेला आपोआप पसरणारा प्रोग्राम, पुढे खटला, शिक्षा. पोराच्या मनात प्रयोग होता की खोडी, यावर भरपूर शाई सांडून झाली आहे. मला कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचं: इतक्या यंत्रांत तो शिरला, पण वाटेत एकाही यंत्राच्या कर्नलने, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याने, त्याला 'थांब' का म्हटलं नाही?

पाच वर्षं आधी

ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या संगणक सुरक्षा केंद्राने एक नियमपुस्तक काढलं. मुखपृष्ठ नारिंगी, म्हणून सगळे त्याला 'ऑरेंज बुक' म्हणत. संगणक-यंत्रणांना त्यात 'डी'पासून 'ए१'पर्यंत श्रेण्या होत्या. 'सी' श्रेणीपर्यंत फाइलीचा मालक म्हणेल ती पूर्व दिशा: कोणी वाचावी, कोणी लिहावी, त्याची मर्जी. 'बी१'पासून मात्र मँडेटरी अॅक्सेस कंट्रोल हवं, म्हणजे सक्तीचं प्रवेश-नियंत्रण, तोंडी भाषेत 'मॅक'. इथे नियम यंत्रणेचा असतो, राबवतो कर्नल, आणि मालकाची मर्जी त्याच्यापुढे चालत नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण "ऑरेंज बुक पाळलं असतं तर वर्म आलाच नसता" असं म्हणणारे भेटतात. ते खरं नाही. त्या पुस्तकाला काळजी होती गुपितं फुटण्याची. बेल आणि लापाड्युला यांनी १९७३पासून मांडलेला हिशेब असा, की खालच्या दर्जाच्या माणसाने वरच्या दर्जाचा कागद वाचू नये आणि वरच्याने खालच्या कागदात काही उतरवू नये. लष्करासाठी उत्तम. पण विद्यापीठाच्या यंत्रावर सगळंच एका दर्जाचं. सेवाही बिनशिक्क्याची, आणि शेलही, म्हणजे आज्ञा घेऊन प्रोग्राम चालवणारा प्रोग्रामही, बिनशिक्क्याचं. एकाने दुसऱ्याला चालवू नये असं सांगायला त्या नियमाकडे शब्दच नव्हते.

तीन वर्षं आधी

ते शब्द १९८५ मध्ये मिळाले. अर्ल बोबर्ट आणि रिचर्ड केन यांनी हनीवेलच्या एका सुरक्षित संगणकाच्या कामातून 'टाइप एन्फोर्समेंट' मांडलं. चालत्या प्रोग्रामला एक डोमेन द्यायचा, प्रत्येक फाइलीला एक टाइप, आणि कोणत्या डोमेनने कोणत्या टाइपशी काय करावं याचा तक्ता करायचा. तक्त्यात नसेल ते बंद. प्रश्न 'तू कोण' हा उरत नाही. 'तू कोणता प्रोग्राम आहेस आणि हे तुझ्या कामाचं आहे का' असा होतो.

कागद छापला गेला, परिषदेत वाचला गेला आणि विद्यापीठांतल्या यंत्रांवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही.

दोन वर्षं आधी

१९८६ मध्ये बेल लॅब्जमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ एनएसएत, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत, दाखल झाले. युनिक्सचा पासवर्ड कूटबद्ध करणारी पद्धत त्यांची. १९७९ मध्ये केन थॉम्प्सनबरोबर पासवर्डांच्या सुरक्षेवर लिहिलेला त्यांचा निबंध आजही अभ्यासतात. एनएसएत ते राष्ट्रीय संगणक सुरक्षा केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ झाले. ऑरेंज बुक काढणारं केंद्र ते हेच, नाव बदललेलं. गृहस्थांचं नाव रॉबर्ट मॉरिस. वर्म लिहिणाऱ्याचे वडील.

बुधवारची दुपार

दुपारी काहीच झालं नाही. म्हणून या वेळात फिंगरडीची ओळख करून घेऊ.

'फिंगर' ही तेव्हाच्या जाळ्यावरची चौकशी-खिडकी. नाव विचारा, ती व्यक्ती लॉगिन आहे का, शेवटची कधी आली होती, तिने आपल्या '.प्लॅन' फाइलीत काय लिहून ठेवलंय, हे कळायचं. यंत्राच्या बाजूने उत्तर देणारा पार्श्वभूमीतला प्रोग्राम म्हणजे फिंगरडी. शेवटचा 'डी' डीमनचा. ७९ क्रमांकाच्या पोर्टवर कोणी टकटक केली की तो जागा होई, एक ओळ वाची, 'फिंगर' हा दुसरा प्रोग्राम चालवी, त्याचं उत्तर परत पाठवी आणि झोपी जाई. काम संपलं.

इतक्या कामासाठी त्याला काय लागतं? आलेलं कनेक्शन वाचणं, त्यावर लिहिणं, आणि 'फिंगर' हा एकच प्रोग्राम चालवणं. चौथी गोष्ट शोधून सापडत नाही. प्रत्यक्षात त्याच्याकडे काय होतं? तो ज्या वापरकर्त्याच्या नावाने चाले त्याला शक्य असलेलं सगळं. काळजीवाहू ठिकाणी हा वापरकर्ता 'नोबडी' नावाचा असे, म्हणजे कोणीच नाही. पण युनिक्सवर 'कोणीच नाही' हाही बराच कोणीतरी असतो. तो शेल चालवू शकतो, तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये लिहू शकतो, सी कंपायलर बोलावू शकतो आणि जगातल्या कोणत्याही यंत्राशी जोडणी उघडू शकतो. सोसायटीच्या वॉचमनला आल्यागेल्याची नावं सांगायला बसवावं आणि कमरेला सगळ्या फ्लॅटच्या किल्ल्या अडकवाव्यात, तसं हे. वॉचमन प्रामाणिक होता. पण त्याला फसवणं सोपं होतं.

संध्याकाळी ६:०० च्या सुमारास. उरले चार तास

एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतलं 'प्रेप' नावाचं व्हॅक्स ११/७५०. नंतर तिथे सापडलेल्या वर्मच्या फाइलींवर साधारण ही वेळ होती. मॉरिस स्वतः कॉर्नेलमध्ये होता. वर्म एमआयटीतून सोडला तो आपल्यावर संशय येऊ नये म्हणून. यंत्र मात्र अचूक निवडलं होतं. 'प्रेप'वर पाहुण्यांसाठी खुली खाती होती, नोंदी ठेवणारी व्यवस्था दोन आठवडे बिघडलेली होती आणि डिस्कचा बॅकअप कोणी घेत नव्हतं.

६:२४. उरले ३ तास ४२ मिनिटं

सांता मोनिकातली रँड कॉर्पोरेशन. पश्चिम किनाऱ्यावरची पहिली ज्ञात लागण.

७:०४. उरले ३ तास २ मिनिटं

बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं गेटवे-यंत्र. माइक केरल्स आणि फिल लॅप्स्ली यांच्या लक्षात लवकरच आलं की यंत्रावर नको इतका भार आहे. वर्मचं दुर्दैव म्हणा. बीएसडी युनिक्सचं माहेर बर्कलेच. फिंगरडी आणि पत्रं वाहणारा सेंडमेल यांचा सोर्स कोड ज्यांच्या हाताखाली वाढला, नेमक्या त्यांच्याच घरात तो शिरला होता.

७:५४. उरले २ तास १२ मिनिटं

मेरीलंड विद्यापीठाच्या 'मिम्झी' या यंत्रावर फिंगरच्या वाटेने हल्ला. इथे थांबून नीट पाहायला हवं.

फिंगरडी ओळ वाचण्यासाठी 'गेट्स' हे सी भाषेतलं फंक्शन वापरी. हे फंक्शन किती अक्षरं आली ते मोजतच नाही. येतील तेवढी ओतत जातं. जागा ५१२ बाइट्सची. वर्मने ५३६ पाठवले. जास्तीचे बाइट स्टॅकवर पुढे सांडले आणि 'काम संपल्यावर कुठे परतायचं' हा पत्ता त्यांनी पुसून नवा लिहिला. परत येताना फिंगरडी वर्मने पाठवलेल्या सूचनांवर जाऊन पडला. त्या सूचनांचा अर्थ एकच होता: स्वतःच्या जागी शेल चालव.

कर्नलने पाहिलं. विनंती करणारा अमुक वापरकर्ता, चालवायची फाइल '/बिन/एसएच', ती चालवायची सगळ्यांना मुभा. हरकत नाही. चौकशीची खिडकी त्या क्षणी परक्या माणसाच्या हातातला कमांड प्रॉम्प्ट झाली, आणि कोणताही नियम मोडला गेला नाही, कारण मोडण्यासारखा नियमच नव्हता.

पुढचं सगळं त्या शेलमधून. '/यूएसआर/टीएमपी'मध्ये ९९ ओळींचा सी प्रोग्राम उतरवला, तिथल्याच कंपायलरने तो बांधला, चालवला. त्याने उलट दिशेने हल्लेखोर यंत्राशी जोडणी केली आणि वर्मचा मुख्य भाग ओढून आणला. एक व्हॅक्ससाठी, एक सन-३ साठी. जो चालेल तो जोडला. प्रोसेसच्या यादीत स्वतःचं नाव ठेवलं 'एसएच', म्हणजे बघणाऱ्याला कोणाचं तरी साधं शेल वाटावं. मग खुणेच्या फाइली पुसल्या आणि पुढचं यंत्र शोधायला लागला.

टाइप एन्फोर्समेंटचा तक्ता इथे ठेवून बघा. फिंगरडीने शेल चालवणं: तक्त्यात नाही. तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहिणं: नाही. कंपायलर बोलावणं: नाही. स्वतः लिहिलेली फाइल स्वतः चालवणं: नाही. बाहेर जोडणी उघडणं: नाही. पाच ठिकाणी अडवलं असतं, आणि पुरेसं पहिलंच होतं. 'गेट्स'मधला दोष तसाच राहिला असता हे खरं. मॅक दोष दुरुस्त करत नाही, डीमन फसणारच. फसलेल्या डीमनच्या हातात काय लागतं, एवढंच ते ठरवतं. हुशार हल्लेखोर शेलशिवायही काही करू पाहील; पण त्यालाही फिंगरडीला परवानगी असलेल्या त्या दोन-तीन गोष्टींतच घर करावं लागलं असतं.

आणखी एक. वर्मने रूट, म्हणजे यंत्रावरचा सर्वाधिकारी वापरकर्ता, होण्याचा प्रयत्न कुठेच केला नाही. त्याला गरजच पडली नाही. 'सगळं रूट म्हणून चालवू नका' हा सल्ला योग्यच आहे, पण त्या रात्री तो पाळणाऱ्याचंही यंत्र गेलंच असतं.

८:२८. उरले १ तास ३८ मिनिटं

'मिम्झी'वरच आता सेंडमेलच्या वाटेने. पत्रवाहतूक करणाऱ्या या डीमनमध्ये 'डीबग' अशी एक आज्ञा होती, विकसकांच्या चाचणीसाठी. ती चालू ठेवूनच सेंडमेल असंख्य ठिकाणी बसवलेला होता. ती आज्ञा दिली की पत्राचा पत्ता म्हणून माणसाऐवजी प्रोग्राम देता येई, आणि पत्राचा मजकूर त्या प्रोग्रामला खायला मिळे. वर्मने पत्ता दिला शेलचा.

इथे माझा उत्साह जरा आवरतो. फिंगरडीचा तक्ता पाच मिनिटांत लिहून होईल. सेंडमेलचा नाही. पत्र प्रोग्रामकडे वळवणं हे सेंडमेलचं खरंखुरं काम होतं. रजेवर असल्याचं आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम लोक याच सोयीवर चालवत. घराघरांत जाऊन पत्रं टाकणाऱ्या आणि वर प्रोग्रामही चालवणाऱ्या एकाच अगडबंब डीमनसाठी आखूड पॉलिसी, म्हणजे असा तक्ता, लिहिता येत नाही. आधी तो डीमनच कापून लहान करावा लागतो. पॉलिसी लिहायला बसलं की प्रोग्रामची रचना किती बिघडलेली आहे ते उघडं पडतं, आणि मला वाटतं पॉलिसी लिहिणं लोकांना नको वाटतं त्याचं निम्मं कारण हेच असावं.

८:४०. उरले १ तास २६ मिनिटं

बर्कलेच्या मंडळींना सेंडमेल आणि आरएसएचच्या वाटा उमगल्या. सेवा बंद करायला सुरुवात. आरएसएच म्हणजे शेजारच्या यंत्रावर विश्वासाने, पासवर्डशिवाय शिरण्याची सोय. शिवाय वर्म ४३२ शब्दांची यादी घेऊन लोकांचे पासवर्डही ओळखत होता, आणि त्यासाठी थोरल्या मॉरिसांची कूटपद्धत वर्ममध्ये वेगवान करून लिहिलेली होती. या वाटेवर डीमनची पॉलिसी फारशी कामाची नाही. खऱ्या वापरकर्त्याच्या नावाने, खऱ्या पासवर्डने कोणी आत आला तर कर्नलच्या दृष्टीने तो वापरकर्ताच.

८:४९. उरले १ तास १७ मिनिटं

सीएस.युटा.एडूला लागण. व्हॅक्स ८६००, विभागाचं मुख्य यंत्र.

९:०९ ते १०:०१

९:०९ ला या यंत्रावर सेंडमेलचा पहिला हल्ला. ९:२१ ला लोड ५. लोड म्हणजे पाळी येण्याची वाट बघत रांगेत असलेल्या कामांची सरासरी. या वेळेला तो एरवी अर्धा ते दोन असे, आणि पाचला काम करणाऱ्याला मंदपणा जाणवे. ९:४१ ला ७. १०:०१ ला १६.

१०:०६. शून्य

एकाच वेळी चालू शकणाऱ्या प्रोसेसची कमाल संख्या १००. ती भरली. यंत्र निरुपयोगी.

वर्मने दुसऱ्या कोणाची एकही फाइल खोडली नाही, काही चोरून नेलं नाही. नुकसान केलं ते गर्दीने. एका यंत्रावर आधीच एक प्रत असेल तर दुसरीने मरावं, अशी तजवीज त्याच्यात होती. पण कोणी खोटीच प्रत असल्याचं भासवून त्याला फसवेल या धास्तीने मॉरिसने सातातली एक प्रत अमर ठेवली. सातात एक हे प्रमाण त्याला थोडं वाटलं असावं. तासाभरात डझनावारी हल्ले होणाऱ्या यंत्रावर ते थोडं नव्हतं.

शून्यानंतर

१०:२० ला युटाच्या जेफ फोरिस यांनी सगळ्या प्रती मारल्या. १०:४१ ला पुन्हा लागण होऊन लोड २७. १०:४९ ला त्यांनी यंत्र बंदच केलं, मग पुन्हा सुरू केलं. ११:२१ ला, ते एकीकडे मारत असतानाच, लोड ३७.

११:२८ ला बर्कलेत बसलेल्या नासा एम्सच्या पीटर यी यांनी देशभरच्या जाळे-प्रशासकांना इशारा धाडला आणि फिंगर, टेलनेट, मेल वगैरे सेवा बंद करा असं सुचवलं.

१२:३४ ला हार्वर्डच्या अँडी सडथ यांनी मॉरिसच्या सांगण्यावरून निनावी पत्र पाठवलं. फिंगरडीच्या स्टॅकचा घोळ त्यात थोडक्यात सांगितला होता. इलाज त्यात होता. पण ज्या गेटवेतून पत्र जायचं तो वर्मच्याच भीतीने बंद केलेला. पत्र जवळजवळ दोन दिवस अडकून पडलं.

पहाटे २:५४ ला कीथ बॉस्टिक यांनी सेंडमेलची दुरुस्ती प्रसिद्ध केली. ५:०७ ला बर्कलेतल्याच एकाने फिंगरची युक्ती ओळखून कळवली. ते टिपण केरल्स यांच्या नजरेला पडायला बारा तास गेले. गुरुवारी सकाळी साडेआठच्या सुमारास लष्करी जाळं मिलनेट आणि संशोधकांचं अर्पानेट यांच्यामधले मेल-पूल तोडण्यात आले. ९ वाजता बर्कलेत वार्षिक युनिक्स कार्यशाळा सुरू झाली. देशातले चाळीसेक नामांकित प्रशासक तिथे जमलेले, आणि त्यांची यंत्रं घरी कोसळलेली. दुपारी ३ च्या सुमारास एमआयटीहून फोन आला, फिंगरडीचा दोष नेमका कसा चालतो ते सांगणारा. संध्याकाळी पर्ड्यू विद्यापीठातून मजेशीर पण अचूक उतारा आला: '/यूएसआर/टीएमपी'मध्ये 'एसएच' नावाचं एक रिकामं फोल्डर करून ठेवा. वर्मला त्याच नावाची फाइल तिथे करायची असते. ती होत नाही, आणि तो अडतो. ७:१८ ला फिंगरडीची दुरुस्ती प्रसिद्ध झाली.

'मिम्झी'वर फिंगरचा हल्ला झाला बुधवारी संध्याकाळी ७:५४ ला. ही वाट बर्कलेला पक्की समजली गुरुवारी दुपारी ३ ला. एकोणीस तास. जगातले सर्वोत्तम युनिक्स-जाणकार कामाला लागलेले असताना एकोणीस तास. मॅकचा सहसा न मोजला जाणारा फायदा इथे दिसतो: नकार दिला की कर्नल त्याची नोंद करतो. अमुक वाजता, फिंगरडीच्या डोमेनने, शेल चालवण्याची परवानगी मागितली, नाकारली. ही एक ओळ लॉगमध्ये असती तर पहिल्या मिनिटाला दार कुठलं ते कळलं असतं. दुरुस्तीला मग तास लागले असते, पण शोधाला नाही.

सहा हजार यंत्रं बाधित झाली असं जिथेतिथे छापलेलं असतं. मॉरिसचा मित्र पॉल ग्रॅहम याने पुढे सांगितलं आहे की हा आकडा शिजत असताना तो तिथे होता: जाळ्यावर साठ हजार यंत्रं असतील असा कोणीतरी अंदाज केला, आणि त्यातली दहा टक्के गेली असावीत असा दुसरा. तेव्हा आकडा बेताने घ्यावा.

८ नोव्हेंबरला राष्ट्रीय संगणक सुरक्षा केंद्राने या घटनेची चिरफाड करायला बैठक बोलावली. पन्नासेक माणसं होती. ज्यांच्या मुलाचा हा पराक्रम, ते त्याच केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ. मुलगा त्या दिवशी तेवीस वर्षांचा झाला. पुढे १९९० मध्ये त्याला तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. आणीबाणीत कोणी कोणाला फोन करायचा हे ठरवण्यासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट स्थापन झालं. 'गेट्स' टाळा, 'डीबग' बंद ठेवा, हे सगळ्यांनी शिकून घेतलं. डीमनला गरजेपुरतंच द्या, हे कोणी शिकलं नाही.

अकरा, बारा आणि सोळा वर्षांनी

युटाचं दुसरं कारण. हनीवेलमधलं टाइप एन्फोर्समेंटचं काम पुढे सिक्युअर कम्प्युटिंग कॉर्पोरेशनकडे आलं. ती कंपनी, एनएसए आणि युटा विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग यांनी मिळून 'फ्लास्क' नावाची रचना उभारली. १९९९ मध्ये तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. पॉलिसी ठरवणारा भाग वेगळा, ती राबवणारा कर्नल वेगळा. ज्या विभागाचं यंत्र १०:०६ ला बसलं, तोच विभाग. डिसेंबर २००० मध्ये एनएसएने ही रचना लिनक्सवर उतरवून सर्वांसाठी खुली केली. तिचं नाव एसईलिनक्स. २००३ मध्ये ती मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली.

फेडोरा कोअर २ या लिनक्स-वितरणात, मे २००४ ला, ती सर्वसामान्यांच्या हातात आली. यंत्रावरच्या प्रत्येक हालचालीला नियम लावणारी कडक पॉलिसी चाचणी करणाऱ्यांना इतकी जाचली की शेवटी एसईलिनक्स बंद ठेवूनच ती आवृत्ती बाहेर पडली. सहा महिन्यांत शहाणपण सुचलं. फेडोरा कोअर ३ मध्ये 'टार्गेटेड' पॉलिसी आली: माणसांना मोकळं सोडा, जाळ्याकडे तोंड करून बसलेल्या मोजक्या डीमनांना बांधा. वेबसर्व्हर, नेमसर्व्हर, वेळ जुळवणारी सेवा अशा मोजक्यांना. ही पॉलिसी इन्स्टॉल करतानाच चालू असे. नोव्हेंबर २००४. वर्मला सोळा वर्षं झाली होती.

मॅकच्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे असं माझं मत आहे, आणि तो गणिताचा नव्हता, माणसाच्या स्वभावाचा होता. पॉलिसी सगळ्यांना लावली की सगळे ती बंद करतात.

डीमनपुरती लावली तरी बंद करणारे आहेतच. एखाद्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनच्या सूचना उघडा. पहिल्या पानावर 'आधी एसईलिनक्स बंद करा' लिहिलेलं सापडणं मुळीच दुर्मीळ नाही. कारण बहुधा क्षुल्लक असतं. वेबसर्व्हरच्या फाइली कोणीतरी होम फोल्डरमधून 'एमव्ही'ने हलवलेल्या असतात. 'एमव्ही' जुनं लेबल, म्हणजे फाइलीवरची टाइपची खूण, सोबत नेतं, त्यामुळे वेबसर्व्हरला त्या वाचता येत नाहीत, आणि 'रिस्टोअरकॉन' ही एक आज्ञा दिली की प्रश्न सुटतो. ती न देता अख्ख्या यंत्राचं नियंत्रण काढून टाकतात. दुसरा प्रकार याहून फसवा: सगळे नकार 'ऑडिट२अलाऊ'ला खायला घालायचे आणि तो देईल ते नियम डोळे मिटून चढवायचे. हे साधन नकाराचं परवानगीत रूपांतर करतं, नकार योग्य होता का ते विचारत नाही. १९८८च्या मिम्झीवर ते असतं, तर फिंगरडीला शेल चालवायची परवानगी त्याने निमूट लिहून दिली असती.

तेव्हा तुमच्या ताब्यात एखादा लिनक्स सर्व्हर असेल आणि त्यावर एसईलिनक्स असेल, तर आज 'गेटएन्फोर्स' ही आज्ञा देऊन पाहा. उत्तर 'परमिसिव्ह' (म्हणजे नकार नुसते नोंदवायचे, अडवायचं नाही) आलं, तर कोणत्या सेवेच्या कटकटीपायी ते तसं ठेवलंय ते शोधा, तेवढा एकच डोमेन 'सेमॅनेज'ने परमिसिव्ह करा आणि बाकीचं यंत्र एन्फोर्सिंगवर आणा. उत्तर 'डिसेबल्ड' आलं, तर थेट एन्फोर्सिंगवर उडी मारू नका. आधी परमिसिव्ह करा, सगळ्या फाइलींना पुन्हा लेबलं लावून घ्या, काही दिवस नकारांच्या नोंदी वाचा. एखादा डीमन शेल मागताना दिसला, तर परवानगी लिहिण्याआधी त्याला ते कशाला हवं आहे ते विचारा.